पब्लिक हाऊस ठीक, पण ‘पब्लिक’ कोण?

इंग्लंडमधल्या एका खेड्यात पबसमोर उभे राहून काढलेला आमचा फोटो गेल्या महिन्यात कार्यकर्त्यांमध्ये बराच फिरला. तेव्हापासून आम्हाला दोन प्रकारचे फोन येत आहेत. पहिले रागाचे : “जयभीम, पण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे पबमध्ये काय करत होती?” दुसरे कौतुकाचे : “याला म्हणतात गाव! कुणी जात विचारत नाही, सगळे एका खोलीत बसतात. आपली खेडी अशी कधी होणार?” रागाच्या फोनांचे आम्हाला वाईट वाटले नाही. तो राग रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सोपे आहे. कौतुकाच्या फोनांनी मात्र आम्ही अस्वस्थ झालो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी सोपे उत्तर. आम्ही चौघांपैकी कुणीही दारूला हात लावला नाही. एकाने चहा घेतला, दोघांनी लेमोनेड, आणि आम्हाला तिथे नेणाऱ्या बाबूजींनी संत्र्याचा रस. आपल्याकडे पब म्हटले की पुण्या-मुंबईतला अंधार आणि कानठळ्या बसवणारे संगीत डोळ्यासमोर येते. इंग्लंडच्या खेड्यातला पब तसा नसतो. तो अर्धा चावडीसारखा आणि अर्धा खाणावळीसारखा. रविवारी दुपारी तिथे भाजलेले मांस, बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग खायला आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे येतात. बिअर न मागणाऱ्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. आणि जाता जाता एक गोष्ट. दारू सोडण्याची शपथ ही फक्त आपलीच गोष्ट आहे असे समजू नका. लँकेशायरमधल्या प्रेस्टन गावी १८३२ साली जोसेफ लिव्हसी आणि त्याच्या सहा साथीदारांनी थेंबभरही दारू न घेण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या होत्या. लिव्हसी मुळात हातमागावर काम करणारा माणूस, पुढे चीज विकू लागला. कष्टकऱ्याच्या घरात दारू काय करते हे त्याला कुठल्या अहवालात वाचावे लागले नव्हते.

आता कौतुकाकडे वळू.

बाबूजी वुल्व्हरहॅम्प्टनला राहतात. वय ऐंशीच्या पुढे. जालंधर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून १९६३ साली आले, फाउंड्रीत लोखंड ओतण्याचे काम तीस वर्षे केले. घर रविदासी, पुढे बौद्ध झाले. दीक्षेच्या दिवसापासून दारू बंद. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बुद्धविहारातला कार्यक्रम आटोपल्यावर आमच्यातला एकजण सहज म्हणाला, “बाबूजी, इंग्लंड म्हणजे नुसती शहरेच पाहिली, खेडे पाहिले नाही.” दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबूजींनी गाडी काढली आणि श्रॉपशर परगण्यात, ब्रिजनॉर्थच्या पलीकडे एका छोट्या गावात आणून उभे केले. गावाचे नाव इथे देण्याची गरज नाही, कारण अशी गावे तिथे शेकडो आहेत. एक चर्च, एक युद्धस्मारक, दगडी भिंतींची वीस-पंचवीस घरे, मेंढ्यांची कुरणे आणि चौकात पब.

आत शिरताना छताच्या काळ्या तुळया इतक्या खाली की आमच्यातल्या उंच मित्राने कपाळ आपटून घेतले. शेकोटी, तिच्यासमोर पसरलेला कुत्रा, भिंतीवर जुने फोटो, फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ. इथे वेटर येऊन विचारत नाही. काउंटरवर जायचे, मागायचे, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण प्रत्येकाला आपला नंबर ठाऊक असतो आणि तो मोडणाऱ्याला नुसत्या नजरेने जागेवर आणले जाते. पब चालवणाऱ्याला ‘लँडलॉर्ड’ म्हणतात. बिचाऱ्याच्या मालकीची बहुधा वीतभरही जागा नसते, तो कुठल्या तरी मोठ्या कंपनीचा भाडेकरू असतो, तरी नाव लँडलॉर्ड! आमच्या लँडलॉर्डने पावसाबद्दल दोन वाक्ये बोलून चहा दिला. शेकोटीजवळच्या एका म्हाताऱ्याने कुत्र्याला पायाने बाजूला सरकवून आम्हाला जागा करून दिली. आडनाव कुणीही विचारले नाही. प्यायलेले ग्लास आमच्यासमोरच उचलले गेले आणि त्या म्हाताऱ्याच्या ग्लासाबरोबर एकाच यंत्रात धुवायला गेले.

खोटे कशाला बोला, आम्हालाही बरे वाटले. ज्यांच्या आजोबांनी गावातल्या हॉटेलबाहेर वेगळा ठेवलेला कप स्वतः विसळून पालथा घातला आहे, त्यांना एकत्र धुतल्या जाणाऱ्या ग्लासाचे मोल सांगावे लागत नाही. फोटो त्याच आनंदात काढला.

पण बाहेर आल्यावर बाबूजींनी आम्हाला परत मागे वळून इमारत पाहायला लावली. “बेटा, दरवाज़े गिनो.” दारे दोन होती. एकावर जुन्या अक्षरांत ‘पब्लिक बार’, दुसऱ्यावर ‘लाउंज’. आत तर एकच खोली! मग त्यांनी खिडकीतून छताकडे बोट दाखवले. तुळयांच्या मधोमध एक आडवी खूण होती, जिथे कधीकाळी भिंत होती.

ती भिंत इंग्लंडच्या असंख्य पबमध्ये होती. पब्लिक बार म्हणजे मजूर, गाडीवान, शेतगडी यांची खोली. फरशी उघडी, बाके लाकडी, बिअर थोडी स्वस्त. सलून किंवा लाउंज म्हणजे साहेबलोक, व्यापारी आणि सोबत आलेल्या बायका. तिथे गालिचा, गादीच्या खुर्च्या आणि तीच बिअर थोडी महाग. पिंप एकच, काउंटरमागे उभा माणूस एकच, पण दारे दोन. पाटीवर तरी कुणाचे नाव असते? ‘अमुक आर्म्स’ नावाचे पब गावोगाव आहेत. इथे ‘आर्म्स’ म्हणजे त्या भागातल्या जमीनदार घराण्याचे मानचिन्ह. ज्या शेतमजुराने दिवसभर ज्याच्या शेतात राबायचे, त्याच्याच मानचिन्हाखाली बसून संध्याकाळी मजुरीतले पैसे खर्च करायचे. गावची सामाईक कुरणे आणि माळ कुंपणे घालून खासगी करणारे ५,२०० हून अधिक कायदे ब्रिटिश संसदेने १६०४ ते १९१४ या काळात केले. सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यात गेली, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाचा एक पंचमांश. ज्या हिरव्यागार कुरणांचे आम्ही फोटो काढत होतो, त्यांतली किती या कुंपणांनी जन्माला घातली असतील कोण जाणे. सुंदर खेडे पाहताना आधी कुंपण पाहावे, ही सवय आपल्याला तर असायलाच हवी.

इथे बाबासाहेबांची आठवण अपरिहार्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी भारतीय खेड्याच्या गौरवगानावर जो हल्ला केला तो आपल्याला पाठ आहे. पण ते गौरवगान कुठून आले, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले होते, ते आपण विसरतो. चार्ल्स मेटकाफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भारतीय खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले आणि आपले सुशिक्षित त्या स्तुतीवर भाळले. एक इंग्रज माणूस बाहेरून आला, त्याला गावकुसाबाहेरची वस्ती दिसली नाही, म्हणून त्याला प्रजासत्ताक दिसले. आज आपण इंग्लंडच्या खेड्यात तासभर बसून नेमका तोच पराक्रम उलट दिशेने करत आहोत. मेटकाफने आपल्या खेड्याचे जे केले तेच आपण त्यांच्या खेड्याचे करायचे का?

‘पब्लिक हाऊस’ या नावावर जाऊ नका. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात एक मजेशीर फरक आहे. प्रवाशाला मुक्काम देणारी जागा, म्हणजे ‘इन’, असेल तर तिच्या मालकाला योग्य कारणाशिवाय प्रवाशाला नाकारता येत नाही. याच जोरावर वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी १९४४ साली लंडनच्या एका हॉटेलविरुद्धचा खटला जिंकला. पण नुसते पेय विकणाऱ्या पबवर असे कुठलेही बंधन नव्हते. मालकाने ‘चालता हो’ म्हटले की चालते व्हायचे. नावात पब्लिक आणि कायद्यात खासगी! हे वाचून महाड आठवले नाही तर नवल. चवदार तळे सरकारी ठरावाने आणि नगरपालिकेने सर्वांना खुले केल्यावर सवर्णांनी न्यायालयात नेमका हाच दावा केला होता की तळे सार्वजनिक नव्हे, खासगी आहे. बाबासाहेबांना तो दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढावा लागला आणि निकाल लागायला १९३७ उजाडले. म्हणजे ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर रंगवून चालत नाही, तो सिद्ध करावा लागतो.

आता कौतुक करणारे मित्र म्हणतील, इंग्रज खेडूत मनाने चांगला होता, कायद्याचे काय घेऊन बसलात. त्यांच्यासाठी बॅम्बर ब्रिजची गोष्ट सांगतो. ती खरोखर कौतुकाचीच आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य इंग्लंडमध्ये उतरले तेव्हा आपला वर्णभेदही सामानासोबत घेऊन आले. काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या, बहुतेक अधिकारी गोरे. प्रेस्टनजवळच्या बॅम्बर ब्रिज गावात काळ्या सैनिकांची मालवाहू ट्रकची तुकडी होती. गावातल्या पबमध्ये काळ्या-गोऱ्यांची सरमिसळ नको, अशी मागणी अमेरिकन अधिकाऱ्यांनी केली. गावात पब तीन. तिन्ही पबनी पाट्या लावल्या : ‘फक्त काळ्या सैनिकांसाठी’! वर्णभेद हवा ना, मग घ्या. २४ जून १९४३ च्या रात्री ‘ये ओल्ड हॉब इन’ या गवती छपराच्या पबमध्ये काळे सैनिक गावकऱ्यांबरोबर बसले असताना गोऱ्या लष्करी पोलिसांनी गणवेश नीट नसल्याच्या कारणावरून एका सैनिकाला पकडायचा प्रयत्न केला. गावकरी आणि तिथे असलेल्या ब्रिटिश सैन्यातल्या मुली काळ्या सैनिकांच्या बाजूने उभ्या राहिल्या. पुढे रात्रभर गोळीबार झाला. विल्यम क्रॉसलँड हा काळा सैनिक मारला गेला. तिसाहून अधिक काळ्या सैनिकांना लष्करी न्यायालयाने दोषी ठरवले. खुद्द अमेरिकन जनरल इरा ईकर यांनी मात्र दोष निकृष्ट अधिकाऱ्यांना आणि वर्णद्वेषी लष्करी पोलिसांना दिला, आणि शिक्षा पुढे कमी झाल्या. तीस-चाळीस वर्षे ही घटना फारशी कुणी बोलत नव्हते. आता हॉब इनसमोर स्मृती-उद्यान आहे.

त्या पाट्यांबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. मोठ्या सैन्याच्या हुकमाला खेड्यातल्या तीन पबवाल्यांनी एका ओळीत उत्तर दिले. पण त्या गोष्टीतून ‘इंग्रज गाव मुळातच समतावादी’ असा निष्कर्ष काढायचा असेल तर बॅम्बर ब्रिजवरून थेट स्मेथविकला या. मध्ये फक्त बावीस वर्षे आहेत.

स्मेथविक हे बर्मिंगहॅमजवळचे कारखान्यांचे गाव. १९६४ च्या निवडणुकीत तिथे उघड वर्णद्वेषी प्रचाराच्या जोरावर पीटर ग्रिफिथ्स निवडून आले. मार्शल स्ट्रीटवरची घरे नगरपालिकेने विकत घेऊन फक्त गोऱ्या कुटुंबांना द्यावीत, अशी मागणी तिथल्या गोऱ्या रहिवाशांनी केली आणि ती उचलून धरली गेली. पबमध्ये भारतीयांना आणि वेस्ट इंडियन लोकांना लाउंजमध्ये किंवा स्मोक रूममध्ये बसू देत नसत. सोय असेल तर फक्त पब्लिक बारमध्ये, काही ठिकाणी तीही नाही. म्हणजे मजुरासाठी बांधलेली भिंत रंगासाठी आयतीच उपयोगी पडली. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल आणि त्यांचे साथी काय करत? आधी गोरा विद्यार्थी आत जाऊन एक ग्लास बिअर मागे. त्याला मिळे. त्याच्यामागोमाग भारतीय जाई. त्याला नकार मिळे. साक्षीदार तयार! १२ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांच्याच निमंत्रणावरून माल्कम एक्स स्मेथविकला आले, मार्शल स्ट्रीटवरून चालले, आणि ‘ब्लू गेट्स’ पबच्या स्मोक रूममध्ये त्यांनाही सेवा नाकारली गेली. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली.

बावीस वर्षांत इंग्रज माणूस बदलला का? आम्हाला तसे वाटत नाही. बदलले होते ते समोरच्याचे नाते. बॅम्बर ब्रिजचा काळा सैनिक पाहुणा होता. युद्ध संपले की जाणार होता. स्मेथविकचा पंजाबी शेजारी होता. त्याला घर हवे होते, कारखान्यात बढती हवी होती, मुलांना शाळा हवी होती आणि शुक्रवारी संध्याकाळी लाउंजमध्ये खुर्ची हवी होती. पाहुण्याला शेकोटीजवळ जागा करून देणे सोपे असते. आम्हा चौघांना त्या रविवारी मिळाली ती जागा पाहुण्याची होती. तासाभरात आम्ही निघणार हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक होते. त्याच्या चांगुलपणावर आमची शंका नाही. फक्त त्या तासाभरावरून गावाचा दाखला देता येत नाही, इतकेच.

आणि गावाला आपली वेस असते, तिथेही. इंग्लंडच्या खेड्याबाहेर शतकानुशतके ज्यांची पाले पडली ते जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर. सोळाव्या शतकापासून त्यांच्याविरुद्ध कायदे आहेत. पबच्या दारावर ‘ट्रॅव्हलरना प्रवेश नाही’ अशा पाट्या आत्ता-आत्तापर्यंत दिसत. २०१५ साली लंडनच्या न्यायालयाने एका मोठ्या पब-साखळीला ट्रॅव्हलर लोकांना दारातून परत पाठवल्याबद्दल भेदभावाचा दोषी ठरवले. तारीख नीट पाहा : १९१५ नव्हे, २०१५. आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवणारे राज्यकर्ते ही भटक्यांबद्दलची नजर घरूनच घेऊन आले होते. आमच्या त्या पबमध्ये ट्रॅव्हलर कुटुंब आले असते तर कुत्रा बाजूला सरकला असता का? बाबूजींना विचारले. ते नुसते हसले.

मग आज लाउंजची भिंत पडली कशी? मालकांनी खर्च वाचवायला खोल्या एक केल्या, हे खरे. पण रंगाची भिंत तशी पडलेली नाही. जौहल यांच्यासारख्यांच्या मोहिमा झाल्या आणि १९६५ साली वंशसंबंध कायदा आला. या कायद्याच्या पहिल्याच कलमात हॉटेल, उपाहारगृह आणि पब्लिक हाऊस यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. कायदा दुबळाच होता. त्यात भेदभावाला फौजदारी शिक्षा नव्हती, घर आणि नोकरी हे विषय तर थेट १९६८ च्या कायद्यात आले. स्त्रियांनी काउंटरवर उभे राहून पेय मागण्याचा हक्क तर १९७५ च्या कायद्यानंतरही १९८२ साली न्यायालयात जाऊन मिळवला. पण सुरुवात झाली ती १९६५ ला.

आता आपल्या संविधानाचे कलम १५(२) काढा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा, विहिरी, तळी, घाट, रस्ते. हे २६ जानेवारी १९५० पासून लागू आहे. ब्रिटनच्या पंधरा वर्षे आधी! कायद्याच्या पुस्तकात आपण इंग्लंडचे शिष्य नाही, थोरले आहोत. “इंग्रजांकडून समता शिका” म्हणणाऱ्यांनी हे एकदा नीट समजून घ्यावे. आपल्याकडे कमी पडला तो कायदा नव्हे. पबला परवाना लागतो आणि नाव खराब झाले तर तो धोक्यात येतो. गावातल्या चहाच्या टपरीवाल्याला वेगळा कप ठेवल्याबद्दल काय धोक्यात येते? तक्रार करणारा त्याच गावात, त्याच टपरीवाल्याच्या भावकीच्या शेतात मजुरीला जाणार असतो. स्मेथविकच्या पंजाबी कामगाराची मजुरी पबवाल्याच्या हातात नव्हती, म्हणून तो साक्षीदार घेऊन पुन्हा पुन्हा आत जाऊ शकला. आमच्या मते फरक इथे आहे. ज्याच्याकडून मजुरी घ्यायची त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची, हे आपण गावातल्या माणसाकडून किती सहज मागतो!

आता तो प्रसंग, जो आम्ही फोनवर कुणालाच सांगितला नाही. त्याच पबमध्ये, त्याच दुपारी, आमचे मराठी ऐकून पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ उठून आले. “अरे वा, मराठी! कुठले तुम्ही?” आनंद खरा होता. पंधरा वर्षांपासून इंग्लंडमध्ये आहेत, संगणकाच्या क्षेत्रात आहेत, आज कुटुंबाला घेऊन फिरायला आले होते. त्यांनी हात मिळवले, मुलीला बोलावून ‘काकांना नमस्कार कर’ म्हणून सांगितले. मग जिल्हा विचारला. मग तालुका. मग, “आडनाव काय म्हणालात?” म्हटले काहीच नव्हते. आमच्यातल्या सगळ्यात धाकट्याने आडनाव सांगितले. गृहस्थांच्या चेहऱ्यावर फार काही झाले नाही. “अच्छा, अच्छा,” म्हणाले. आणि मग, अगदी गोड आवाजात : “म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीवर आलात वाटतं?”

तो शिष्यवृत्तीवरच आला आहे. त्याने सरळ सांगितले, “हो काका. बाबासाहेबसुद्धा लंडनला पहिल्यांदा आले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवरच.” गृहस्थ हसले, ‘एन्जॉय करा’ म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे गेले. निघताना त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. इंग्रजांनी भरलेल्या त्या खोलीत जात विचारणारा एकच माणूस होता आणि तो आमच्याशी मायबोलीत बोलत होता. बाबूजींना मराठी येत नाही, पण भाषांतर करावे लागले नाही. म्हणाले, “गोरा नाम पूछता था, अपना बंदा पिंड पूछता था. साठ साल हो गए.”

कौतुकाचे फोन करणाऱ्या मित्रांनो, या प्रसंगाला ब्रिटनच्या कायद्यात काय नाव आहे? रंगाला कायदा आहे, वंशाला आहे, धर्माला आहे, लिंगाला आहे. जातीला? २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची नुसती मुभा सरकारला होती. त्याच वर्षी सरकारनेच करून घेतलेल्या एका अभ्यासात ब्रिटनमध्ये जातिभेद आणि जातीवरून छळ होत असल्याचे पुरावे पुढे आले. २०१३ साली संसदेने मुभेचे बंधन केले : जात घालावीच लागेल. तिथल्या हिंदू संघटनांनी जोरदार विरोध केला. २०१७ साली सरकारने लोकांची मते मागवली आणि जुलै २०१८ मध्ये जाहीर करून टाकले की वेगळ्या तरतुदीची गरज नाही, न्यायालयांचे निर्णय पुरेसे आहेत. तो निर्णय म्हणजे मुख्यतः परमिला तिर्की यांचा. बिहारमधून घरकामासाठी आणलेल्या या आदिवासी बाईला राबवून घेणारे मालक भारतीयच होते. जात काही वेळा ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकते, असे अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये म्हटले, आणि पुढच्या वर्षी तिर्कींना थकलेल्या पगारापोटी १ लाख ८० हजार पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. ‘काही वेळा’ आणि ‘बसू शकते’! प्रत्येक तिर्कीने आधी आपली जात हा वंश आहे का, हे वकील लावून सिद्ध करायचे. ‘पब्लिक हाऊस’ खासगी असल्यासारखीच ही पळवाट आहे.

येत्या सप्टेंबरात आपली कितीतरी मुले शिष्यवृत्त्या घेऊन लंडन, लीड्स, बर्मिंगहॅमला उतरतील. किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरासमोर फोटो काढतील, ते काढलेच पाहिजेत. खेड्यातल्या पबमध्येही जावे, चहा प्यावा. पण भाड्याच्या घरात, विद्यार्थी मंडळात, गणपतीच्या कार्यक्रमात किंवा नोकरीवर आपल्याच माणसाने तिसऱ्या वाक्यात आडनाव विचारले आणि त्यानंतर दारे बंद होऊ लागली, तर तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावेत. वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड इथे आपले विहार आणि रविदासी, वाल्मीकी समाजाच्या संस्था आहेत. त्यांच्याकडे जावे. पंजाबी आहेत, भाषा वेगळी आहे, म्हणून बिचकू नये. २०१३ ची ती दुरुस्ती या बाबूजींसारख्या निवृत्त कामगारांनी आपल्या खासदारांच्या दारात खेटे घालून पुढे ढकलली होती. मराठी आंबेडकरी तरुण त्या रांगेत फारसा दिसला नाही, हे त्यांनी आम्हाला तोंडावर सांगितले. आम्ही मान खाली घातली.

फोटो काढून झाल्यावर बाबूजींचा चष्मा टेबलावर राहिल्याचे लक्षात आले. पब्लिक बारचे दार अगदी समोर होते. ते वळसा घालून लाउंजच्या दाराने आत गेले. आम्ही म्हणालो, “बाबूजी, आतून तर एकच आहे.” ते म्हणाले, “मालूम है. पर तीस साल इस दरवाज़े से नहीं जाने दिया, अब मैं दूसरे से जाता ही नहीं.”